झिलमिल भिया आणि मानपुरचा रस्ता

झिलमिल भिया कुठलीही वस्तू सरळ बघत नसत. आधी मान डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पोह्याची प्लेट असो, नोकरीला आलेला नवा माणूस असो की देवळातली मूर्ती असो, आधी मान हलायची. त्यामुळे पहिल्या भेटीत प्रत्येकाला वाटायचं की हा माणूस आपल्याला नाही म्हणतोय. माझ्या मुलाखतीत मी तोंडपाठ करून आणलेलं सगळं घडाघडा बोलत होते आणि समोर हा पन्नाशीचा, विरळ केसांचा, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेला गृहस्थ सारखी मान हलवत होता. कोल्हापूरहून एवढ्या लांब येऊन पचका झाला म्हणून मी उठायला लागले. तेव्हा ते म्हणाले, "कहाँ चली भिया? तुझ्यामागे ती खिडकीची जाळी आहे ना, ती बघून राहिलो होतो. तू तर कधीच पास झालीस."

मी मुलगी, वयाने त्यांच्या निम्मी, तरी त्यांच्या लेखी भियाच, म्हणजे भाऊच. इंदूरला रिक्षावाला भिया, साहेब भिया, दारातलं कुत्रंसुद्धा "चल भिया, बाजूला हो" ऐकून उठतं. त्यांचं घराणं होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठीच, पण तिला माळव्याचं पाणी इतकं लागलेलं की हिच्यात आता मराठी काय उरलंय असं मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "चाल मराठी आहे ना? मग बस. बाकी सब सामान है, कहीं से भी उठा लो."

आमची कंपनी इंदूरच्या वेशीवरच्या राऊमध्ये, एका फरशीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस बसल्या जागी दुसऱ्याच जगात जातो, तसली जगं आम्ही बनवायचो. या खोट्या जगांना एक जुनी खोड असते. जाळी, कठडा, विजेच्या तारा अशा बारीक गोष्टी लांबवर गेल्या की पडद्यावरच्या ठिपक्यापेक्षाही बारीक होतात. मग कुठला गज दाखवायचा आणि कुठला गाळायचा, हे संगणकाला धड ठरवता येत नाही. तुम्ही मान जराशी हलवली की एक गज नाहीसा होतो, दुसरा उगवतो आणि सगळा कठडा वळवळायला लागतो. भिया याला झिलमिल म्हणत. आमच्यातले बाकीचे इंग्रजी नावं घ्यायचे, पण झिलमिल पकडायची ती भियांनीच, आणि तिच्यासाठीच ती मान हलत असे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे वापरात नव्हतं.

खालच्या दुकानाचे सेठजी भियांना बरेच दिवस मोठं गिऱ्हाईक समजत होते. कारण भिया येता-जाता दुकानात शिरायचे, बारीक चौकटींची फरशी उभी करायला लावायचे, लांब मागे जायचे आणि मान हलवायचे. सेठजी दुसरी फरशी काढायचे. पुन्हा मान. शेवटी सेठजींनी हात जोडले. "भिया, पूरी दुकान दिखा दी. एक बार तो हाँ बोल दो!" भियांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याला फरशी नकोच आहे, डोळ्याला लांबची चौकट कशी पुसट दिसते तेवढं बघायचंय. त्यानंतर सेठजींनी त्यांना खुर्ची देणं बंद केलं, पण फरशी उभी करणं चालू ठेवलं. माणूस चांगला होता.

स्वस्थ बसणं भियांच्या रक्तातच नव्हतं. चहा अर्धा प्यायचे, उरलेला कुठेतरी ठेवायचे आणि विसरून दुसरा मागवायचे. संध्याकाळी ऑफिसात जिथे हात घालावा तिथे त्यांचा गार चहा सापडायचा. बसले तर गुडघा हलायचा, उभे राहिले तर बोटं. त्यांच्या शेजारी बसून काम करायचं म्हणजे चालत्या टेम्पोत सुईत दोरा ओवायचा. मी चिडून म्हणायचे, "भिया, जरा एका जागी टिका ना!" "टिकलो असतो गं, पण ते बघ, त्या कोपऱ्यात हललं." आणि खरंच तिथे काहीतरी हललेलं असायचं. एवढं मात्र होतं की रोज जेवायच्या वेळी त्यांचा फोन वाजायचा, पलीकडून "ठीक" एवढा एकच शब्द यायचा, आणि त्यानंतर थोडा वेळ तो गुडघा थांबायचा. फोन त्यांच्या बायकोचा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनींचा असे.

वहिनींच्या कानाच्या आत काही वर्षांपूर्वी सूज आली होती. ताप उतरला, सूज उतरली, पण शरीराचा तोल सांभाळणारं जे काही तिथे असतं ते बिघडून गेलं. तेव्हापासून उभ्या रेघांची कुठलीही गोष्ट डोळ्यांसमोरून सरकली की पायाखालची जमीन निघून चालल्यासारखं त्यांना व्हायचं. जिन्याची जाळी, साडीच्या दुकानात हारीने टांगलेले पदर, रस्त्याकडेचा कठडा. आधी शाळेतली नोकरी सुटली, मग बाजार सुटला. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्या भिंतीला हात लावून चालत होत्या आणि तशातही मला म्हणाल्या, "ये, बस. मी न पिता अशी चालते, घाबरू नको." मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

बाकी सगळ्यावर त्यांनी पाणी सोडलं होतं, फक्त मानपुरवर सोडलं नव्हतं. तिथे त्यांची आई होती. सगळे तिला माई म्हणत. वय झालेली, एकटी, आणि घर सोडून इंदूरला यायला साफ नकार देणारी. महूच्या पुढे, मुंबई रस्त्यावर, गाडीने जेमतेम तासाभराचं अंतर, पण त्या रस्त्याला सबंध कठडे, खांब आणि झाडं. वहिनी कितीदा तरी निघाल्या होत्या आणि दर वेळी शहराबाहेर पडायच्या आत परत आल्या होत्या. डोळे मिटून बसलं तर हाल आणखी वाढायचे. रोज संध्याकाळी मायलेकी फोनवर बोलायच्या आणि ठेवताना माई विचारायची, "मग कधी येतेस?" लेक सासरच्या कामात अडकली असावी, अशा सुरातलं तिचं ते विचारणं वहिनींना फार लागायचं. त्या भियांना एकदाच म्हणाल्या होत्या, "माईच्या शेजारी जाऊन बसायचंय. बाकी मी काही मागत नाही." भियांचा तो गुडघा का हलतो, ते मला हे कळल्यावर कळलं.

त्याच सुमारास एका इस्पितळाचं काम आमच्याकडे आलं. तोल गेलेल्या रुग्णांना हेडसेटमधून गर्दी, जिने, रस्ते दाखवायचे आणि हळूहळू त्यांची सवय करायची, असा तिथल्या डॉक्टरीणबाईंचा बेत होता. आमच्या साहेबांनी विचारलं, नमुना म्हणून कुठला रस्ता बनवायचा? भियांची मान एकदम थांबली. "मानपुर," ते म्हणाले. साहेब म्हणाले, "अरे, इंदूरात रस्ते कमी पडले का?" "कमी नाही पडले. पण बनेल तो मानपुरचाच." मग आम्ही गाडीच्या टपावर कॅमेरा लावून भर दुपारी सगळा रस्ता टिपून आणला आणि त्यावरून कठडे, खांब, ढाबे, झाडं संगणकात उभी केली. राऊपासून थेट माईच्या दारापर्यंत.

पहिल्या रविवारी घरी वहिनींनी हेडसेट लावला आणि लगेच काढून बादली मागितली. "सगळा रस्ता अंगावर वळवळत आला हो," एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. भिया बादली धुऊन आले, खिडकीत उभे राहिले, परत आत आले, परत खिडकीत गेले. मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आले. "झिलमिल आहे ना, तिचा खानदानी बंदोबस्त करतो आता," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

तो बंदोबस्त सोपा नव्हता. झिलमिल मारायचा एक उपाय असा की मागच्या क्षणाचं चित्र थोडंसं पुढच्या चित्रात मिसळायचं, म्हणजे वळवळ मऊ होते. पण मग हलणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे एक पुसट शेपूट उरतं. रस्त्यावरून ट्रक गेला की त्याच्या मागे त्याचं भूत जातं. भूत काढावं तर झिलमिल परत येते. दोन्ही काढावीत तर संगणक धापा टाकतो, चित्र मानेच्या मागे रेंगाळतं, आणि त्याने धडधाकट माणसालाही मळमळतं. भिया दिवसभर या तिघांमध्ये येरझाऱ्या घालत. "सासू, नणंद आणि जाऊ," ते म्हणायचे, "एकीला खूश केलं की दुसरी पातेलं आपटते." साहेब म्हणायचे, चालेल की, एवढं कोण बघतंय? यावर भिया फक्त मान हलवायचे, आणि ही मात्र खरोखरच नाही म्हणणारी मान असायची.

त्यांची कामाची एक रीत मी तेव्हा शिकले. रोज हेडसेट लावणाऱ्याचे डोळे निर्ढावतात. खराबी समोर असून दिसत नाही, आणि पोटही बंड करत नाही. "आपले डोळे बाटले," भिया म्हणायचे, "कोरे डोळे आण." मग मी खाली जाऊन माणसं पकडून आणायची. कुरियरवाला, बस चुकलेली सांवेरची बाई, सेठजींकडे फरशी बघायला आलेलं जोडपं. एक माणूस दोनदा चालत नसे. त्यांना मानपुरच्या रस्त्यावर बसवायचं, विचारायचं काही नाही, नुसता त्यांचा चेहरा बघायचा, आणि मग कचोरी खायला घालायची. सांवेरची बाई हेडसेट काढून म्हणाली होती, "रोड तो अच्छो है, पण वो जाली म्हारे खाने दौड़े." भिया आनंदाने उडालेच. इतकी खरी तक्रार त्यांना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

पावसाळा असाच गेला. आणि मग एक दिवस रस्ता साफ झाला. कठडा लांबवर जाताना विरघळून मऊ राखाडी पट्टी व्हायचा, कुठे एक ठिपका हलत नव्हता, ट्रकामागे भूत नव्हतं. मी पकडून आणलेल्या कोऱ्या डोळ्यांपैकी कोणालाच काही झालं नाही. रविवारी वहिनी हेडसेट लावून बसल्या आणि भिया त्यांच्यासमोर बादली धरून उकिडवे. राऊ गेलं, महू गेलं. वहिनी शांत. मानपुर आलं, माईचं दार आलं, आणि हेडसेटच्या खालून वहिनींच्या गालावर पाणी ओघळलं. "काय झालं गं, चक्कर?" भिया घाबरले. "नाही हो. माईच्या दारातला कडुनिंब तुम्ही उलट्या बाजूला लावलाय." त्या दिवशी भियांनी चहाचा पूर्ण कप संपवला. मी स्वतः पाहिलं.

पुढच्याच रविवारी आम्ही खरोखर निघालो. गाडी मी चालवत होते, कारण भियांच्या हातात गाडी कोणी देत नसे. कठडा दिसला की त्यांची मान सुरू व्हायची. वहिनी माझ्या शेजारी, नवी साडी नेसून, मांडीवर माईसाठी केलेल्या करंज्यांचा डबा. राऊसुद्धा ओलांडलं नव्हतं, आमच्या ऑफिसची इमारत समोर दिसत होती, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी गाडी कडेला घेतली. त्या उतरल्या, फरशीच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. रविवार म्हणून दुकान बंद होतं, ते बरं झालं. भिया त्यांच्यासमोर उभे होते, आणि त्यांचं काहीच हलत नव्हतं, मानही नाही, बोटंही नाहीत. त्यांना तसं स्थिर बघून मला भीती वाटली.

कोडं वहिनींनीच सोडवलं, त्याच पायरीवर, पदराने तोंड पुसत. "अहो, तुमचा कठडा गप्प उभा असतो. खरा कठडा धावतो. उन्हात चमकतो, मध्येच तुटतो, परत येतो. तुमच्या रस्त्यावर मला काही होत नाही, कारण तिथे काही होतच नाही." दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तेच आपल्या भाषेत सांगितलं. जगापेक्षा स्वच्छ जग दाखवलंत, तर सवय कशाची होणार? खरी झगमग थोडी थोडी परत घाला, मळमळायच्या आधी थांबवा, पुढच्या वेळी किंचित वाढवा. भियांनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मतलब जे बुहारून, झाडून बाहेर काढलं, ते आता चमच्याने परत आणायचं."

आणि त्यांनी ते आणलं. मी बरीच हुशार माणसं पाहिली आहेत, पण स्वतःच्या हाताने साफ केलेलं काम स्वतःच्या हाताने बिघडवणारा माणूस तेवढा एकच पाहिला. उगाच वळवळ सोडून दिली असती तर ते खोटं झालं असतं. म्हणून ते खऱ्या रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, गज कसा लकाकतो, खांबाआडून ऊन कसं मिचकतं ते मान हलवत बघायचे, आणि येऊन तेवढीच खराबी, तिथेच, तशीच घालायचे. एक अडाणी गोल बटण त्यांनी पडद्यावर काढलं. ते फिरवलं की झिलमिल वाढायची. त्यावर आकडे नव्हते, गावं होती. पहिलं राऊ, मग महू, शेवटी मानपुर. ती खराबी घालताना त्यांचा जीव इतका कासावीस व्हायचा की दर वेळी उठून जिन्यापर्यंत जाऊन यायचे. "भिया, अंगावर काटा येतो गं हे बघून," ते मला म्हणायचे. "मग नका बघू." "मी नाही बघणार तर कोण बघणार?"

वहिनींचं बटण रविवारी रविवारी, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकलं. कधी मागेही यायचं. एकदा तीन आठवडे ते राऊलाच अडून बसलं. पण दिवाळी झाली आणि वहिनी भिंत सोडून चालायला लागल्या. संक्रांतीच्या आधी त्या एकट्या जिना उतरून खाली आल्या आणि भियांना फोन करून नेहमीचा "ठीक" म्हणाल्या, फक्त या वेळी फोनमधून भाजीवाल्याची आरोळी ऐकू येत होती. भिया ऑफिसातून पळत सुटले. चप्पल घालायचंही भान नव्हतं.

मग पुन्हा तीच गाडी, तीच मी, तोच करंज्यांचा डबा. भिया मागच्या सीटवर. आरशात मला ते दिसत होते. सबंध रस्ताभर त्यांनी बाहेर पाहिलं नाही. ते वहिनींच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे, अंबाड्याकडे, एकटक बघत होते. राऊ गेलं. फरशीच्या दुकानाबाहेर सेठजी उभे होते, मी त्यांना हातसुद्धा केला नाही. महू गेलं. पुढे लांबलचक कठडा सुरू झाला, अकराच्या उन्हात एकेक गज लखलखत मागे पळायला लागला, आणि मी गाडीचा वेग कमी केला. वहिनींनी काच खाली केली. "अहो," त्या म्हणाल्या, "किती झिलमिलतोय बघा तरी. छान दिसतो हो." आरशात बघितलं तर भिया दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते.

माई दारातच बाजेवर होती. कडुनिंब खरोखरच दुसऱ्या बाजूला होता. वहिनी कोणाचा हात न धरता अंगणातून चालत गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. माईने लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग केसांवरून, मग पुन्हा चेहऱ्यावरून. "किती उशीर केलास," ती म्हणाली. "हो गं, रस्ता बनत होता," वहिनी म्हणाल्या. मी आणि भिया अंगणाच्या कडेला उभे होतो. भियांच्या हातात माईच्या घरचा चहा होता आणि तो त्यांनी अर्धाच ठेवला, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

खरी चूक संध्याकाळी कळली. आम्ही परत निघालो आणि मानपुर मागे पडतं न पडतं तोच वहिनींनी गाडी थांबवायला सांगितली. जाताना डाव्या हाताला असलेला कठडा आता उजवीकडून, समोरच्या गाड्यांच्या आडून तुकड्यातुकड्याने येत होता. डावीकडे झाडांची रांग होती आणि तिच्यातून तिरपं ऊन पट्ट्यापट्ट्याने थेट त्यांच्या डोळ्यांवर. यातलं काहीही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, साहेबांपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत, माईच्या दारापाशी रस्ता संपवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. भिया कडेच्या दगडावर बसले. "जाने का बनाया," ते म्हणाले, "लौटने का बनायाच नाही गं भिया. मला सुचलंच नाही." त्यांना फक्त वहिनींना पोचवायचं होतं. त्यापुढचा विचार करायला त्या माणसाला कधी उसंतच मिळाली नव्हती.

वहिनी माईकडे राहिल्या. भिया परतीचा रस्ता बनवायला घेऊन इंदूरला आले, पण आता दुपारी फोन आला तरी त्यांचा गुडघा थांबत नसे. दर रविवारी हेडसेट घेऊन मानपुरला जायचे. थोड्याच दिवसांत वहिनींनी तो काढून त्यांच्या हातात दिला. "अहो, माईचं राहिलंय किती? मला आत्ता परतायची घाई नाही. तुम्हीच या." सोमवारी येऊन त्यांनी राजीनामा दिला. मी भांडले. इस्पितळाचं काम अर्धवट, रस्ता अर्धवट, आणि तुम्ही चाललात? "रस्ता तू बनव," ते म्हणाले, "चाल तुला ठाऊक आहे." ते गेल्यावर खिडकीमागे एक कप सापडला, अर्धा भरलेला, वर साय धरलेली. मी तो दोन दिवस तसाच ठेवला, मग धुतला.

ते गेल्यावर ऑफिस फार शांत झालं आणि मला ती शांतता सोसेना. मी इस्पितळाचे दुसरे रस्ते पूर्ण केले. तिथे भियांचं ते गावांचं बटण रुग्ण अजून फिरवतात. परतीच्या रस्त्याला मात्र हात लावत नव्हते. मानपुरहून निघून तो महूच्या अलीकडे कुठेतरी संपायचा, पुढे नुसता करडा रंग. या थंडीत माई गेली. लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली, याचं समाधान वहिनींना होतं. दिवस झाल्यावर त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाल्या, "आता घराची आठवण येते गं. पण तो रस्ता..." आणि थांबल्या. मी दुसऱ्या दिवशी कॅमेरा गाडीवर चढवला.

रस्ता पूर्ण केला, सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचाही. आधी पुरतं साफ करायचं आणि मग चिमटीचिमटीने खराबी घालायची, हा त्यांचाच क्रम मी पाळला. साफ झालंय की नाही हे सांगणारे डोळे तेवढे माझ्याकडे नव्हते, म्हणून हेडसेट घेऊन मानपुरला गेले. भिया तिथल्या शाळेत मुलांना संगणक शिकवतात. थोडे वाळलेत. मी म्हटलं, "तुमचे डोळे बाटलेले, तुम्हाला दाखवून काय उपयोग?" तर म्हणाले, "वर्षभर त्या डब्यात बघितलं नाही भिया. आता माझ्याइतके कोरे डोळे अख्ख्या मानपुरात नाहीत. आण."

ते बाजेच्या कडेला टेकले आणि हेडसेट चढवला. मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. शेजारची बाई कौतुकाने बघायला आली होती, ती वहिनींना हळूच म्हणाली, "ये तो मना कर रहे हैं." वहिनी म्हणाल्या, "मना नाही करत. बघतायत." एका हाताने मात्र त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. मानपुर, मग महू, मग राऊ. मान हळूहळू मंदावली आणि राऊ ओलांडल्यावर थांबली. भियांनी हेडसेट काढला, डोळे पुसले, आधी वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकदम साफ आहे," ते म्हणाले. "आता थोडा खराब कर भिया. म्हणजे आम्ही घरी येतो."